गार्ड घडवायचाय? मग त्याला मिनिटं द्या!

समजा, तुमच्याकडे एक बास्केटबॉल टीम आहे. तिजोरीत पैसे बेताचेच. लीगमध्ये तुम्ही धड वर नाही, धड खाली नाही. टीममध्ये अठरा वर्षांचे दोन गार्ड आहेत. एकाचा ड्रिबल झकास, पण लांबून बास्केट होत नाही. दुसरा बचावात चिवट, पण पास देताना गडबडतो. आता या आठवड्याच्या सरावासाठी तुम्हाला एक ड्रिल निवडायचंय. हँडलिंग, पासिंग, शूटिंग की डिफेन्स? एकच हं! दोन्ही पोरांना आवडेल असं काहीतरी मधलं चालणार नाही.

उत्तर सोपं वाटलं असेल, तर तुम्ही 'बझरबीटर' अजून खेळला नाहीत. हा ऑनलाइन गेम २००७ पासून सुरू आहे आणि त्यात तुम्ही खेळाडू नसता, मॅनेजर असता. ग्राफिक्सचा झगमगाट नाही, बटणं बडवायची नाहीत. कोणाला खेळवायचं, कोणाला विकायचं, कोणाकडून कसला सराव करून घ्यायचा, एवढंच तुमच्या हातात. मॅच ठरलेल्या वेळी आपोआप होते आणि तुम्ही तिची लेखी कॉमेंट्री वाचत बसता. 'फुटबॉल मॅनेजर' माहीत असेल तर त्याच घराण्यातला, पण त्याहून साधा. पैसे न भरताही खेळता येतो, दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुरतात आणि महागडा फोन लागत नाही. पिरंगुटमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या, कंपनीत शिफ्ट करणाऱ्या माझ्या मित्रांमध्ये तो का रुजला, हे यावरून कळेल. सेकंड शिफ्ट संपवून रात्री खोलीवर आलेल्या माणसाला तासभर चालणारा गेम नको असतो. त्याला फक्त बघायचं असतं, आपला पोरगा आज किती मिनिटं खेळला.

'किती मिनिटं' हा प्रश्नच या गेमचा जीव आहे. कसा, ते बघू.

आधी गार्ड समजून घेऊ

बास्केटबॉलचं कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. एका टीमचे पाच जण आत. त्यातले दोन गार्ड: पॉइंट गार्ड आणि शूटिंग गार्ड. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बॉल ताब्यात आल्यावर ८ सेकंदांत अर्धं कोर्ट ओलांडावं लागतं आणि २४ सेकंदांत बास्केटच्या दिशेनं शॉट जावा लागतो. बॉल पुढे आणायचा, समोरच्याच्या हाताला लागू द्यायचा नाही, कोण मोकळा आहे ते बघायचं, वेळेत पास द्यायचा आणि कोणीच मोकळा नसेल तर ६.७५ मीटरवरच्या रेषेबाहेरून स्वतः तीन पॉइंटचा शॉट मारायचा. घड्याळ चालू असताना हे सगळं करतो तो गार्ड.

आपल्याकडे बास्केटबॉल म्हटलं की लोक आधी उंची बघतात. त्यात चूक काही नाही. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय सतनाम सिंग (२०१५, डॅलस मॅव्हरिक्स) सात फुटांहून उंच होता. पण गार्डची गोष्ट वेगळी. मगसी बोग्ज हा ५ फूट ३ इंचांचा पॉइंट गार्ड एनबीएमध्ये १४ सीझन खेळला. पहिल्या सीझनला त्याच्याच टीममध्ये ७ फूट ७ इंचांचा मनुटे बोल होता. बोलला उंचीमुळे जागा मिळाली, बोग्जला हातांमुळे आणि डोक्यामुळे. उंची सरावानं वाढत नाही, बाकीच्या दोन गोष्टी वाढतात. म्हणूनच मॅनेजरचं सगळं कसब गार्ड घडवताना पणाला लागतं.

आठवड्याला एकच ड्रिल

गेममध्ये गार्डसाठी मुख्यतः पाच सराव कामाला येतात.

बॉल हँडलिंग: बॉल हातातून निसटू न देण्याचा सराव. पासिंग: नावातच आलं. प्रेशर: समोरच्या गार्डला सतावायचं, म्हणजे बाहेरच्या भागातला बचाव. आउटसाइड शूटिंग: लांबून मारायची पल्लेदार ताकद. आणि वन ऑन वन: समोरच्याला चकवून आत घुसण्याचा सराव. या शेवटच्याचा फायदा असा, की ड्रायव्हिंगबरोबर हँडलिंग आणि जंप शॉटलाही थोडा हातभार लागतो.

यातलं एक निवडलं, की त्या आठवड्यापुरती बाकीच्यांवर फुली. शिवाय वाढ दिसते ती फार हळू. गेममध्ये कौशल्याला आकडा नसून शब्द असतो: 'ॲव्हरेज', त्याच्या वर 'रिस्पेक्टेबल', त्याच्या वर 'स्ट्राँग'. दोन शब्दांमधली प्रगती पडद्यावर दिसतच नाही. आठवडेच्या आठवडे तोच शब्द राहतो आणि मग एके दिवशी बदलतो. खेळणारे याला 'पॉप' म्हणतात. तीन आठवडे काहीच दिसलं नाही, की हात शिवशिवतात आणि ड्रिल बदलावंसं वाटतं. नवखा मॅनेजर इथेच फसतो. एक आठवडा शूटिंग, एक आठवडा पासिंग, मग पुन्हा डिफेन्स. झालेली मेहनत वाया जात नाही, पण सीझन संपला तरी गार्डकडे पुढच्या टीमला भीती वाटावी असं एकही हत्यार नसतं.

गेममधला एक सीझन १४ आठवड्यांचा. तेवढ्यात खेळाडूचं वय एका वर्षानं वाढतं. अठरा वर्षांचा पोरगा बावीसचा व्हायला ५६ आठवडे, म्हणजे तुमच्या-आमच्या कॅलेंडरवर वर्षाहून थोडा जास्त काळ लागतो. आणि वय जितकं कमी, तितकं शिकणं वेगात. म्हणजे तुमच्या हातात पन्नास-साठ 'चांगले' आठवडे आहेत. ते पाच ड्रिल्समध्ये वाटायचेत. आता सांगा, एक तरी आठवडा उगाच घालवाल?

४८ मिनिटांचं गणित

आता खरी मेख. ड्रिल नुसतं निवडून कोणी शिकत नाही. ज्या जागेसाठी सराव लावलाय, त्या जागेवर तो खेळाडू मॅचमध्ये प्रत्यक्ष खेळला पाहिजे. आठवड्यात ४८ मिनिटं झाली, तर सरावाचा पूर्ण फायदा. कमी झाली, तर तेवढा फायदा कमी. बेंचवर बसून राहिला, तर शून्य.

एक मॅच ४८ मिनिटांची, एनबीएसारखी. आठवड्यात साधारण तीन मॅच: दोन लीगच्या, तिसरी कपची किंवा सरावाची. गार्डच्या जागा दोन. म्हणजे एका मॅचमध्ये गार्डसाठी ९६ मिनिटं, तीन मॅचमध्ये २८८. त्याला ४८ नं भागा. सहा! आठवड्याला जास्तीत जास्त सहा गार्डना पूर्ण शिकवता येतं. फक्त पॉइंट गार्डच्या एका जागेसाठी सराव लावला, तर शिकणं जास्त वेगानं होतं, पण मिनिटं निम्मी होतात आणि संख्या तीनवर येते. सहा जणांना बरं करायचं की तिघांना तयार करायचं, हे तुम्ही ठरवायचं.

कागदावर हे छान जमतं. कोर्टवर मात्र तुमचा पठ्ठ्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये सहावा फाऊल करून बाहेर जातो. किंवा त्याचा घोटा मुरगळतो. मॅच चालू असताना तुम्हाला काही करता येत नाही, कारण लाइनअप आधीच देऊन ठेवलेली असते. म्हणून जुने मॅनेजर एक युक्ती करतात. एकाच खेळाडूचं नाव त्या जागेवर स्टार्टर, बॅकअप आणि रिझर्व्ह अशा तिन्ही रकान्यांत टाकतात, म्हणजे दुखापत किंवा फाऊल झाले नाहीत तर तो पूर्ण ४८ मिनिटं खेळतो. पण अति झालं की तेही अंगाशी येतं. तिन्ही मॅचमध्ये एकालाच पळवलंत, तर त्याचा 'गेम शेप', म्हणजे अंगातला दम, उतरतो.

आणि सर्वांत कडू घोट म्हणजे शिकणारा पोरगा अजून कच्चा असतो. त्याला खेळवलं तर मॅच हरण्याची शक्यता वाढते. सीझनभर हरलात तर खालच्या लीगमध्ये जाल आणि तिथे तिकिटांचं उत्पन्नही कमी. पोरगा घडवायचा की मॅच जिंकायची? ड्रिल निवडताना खरं तर तुम्ही या प्रश्नाचं उत्तर देत असता.

वस्तादाला विचारा

मुळशीकरांना हा पेच नवा वाटायचं कारण नाही. हा तालमींचा तालुका. २०१७ ची महाराष्ट्र केसरी पिरंगुटहून पुण्याकडे जाताना लागणाऱ्या भूगावात झाली होती आणि पुण्याच्या अभिजित कटकेनं साताऱ्याच्या किरण भगतला हरवून गदा उचलली होती. तालमीत नवीन पोरगा आला, की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी सगळे डाव दाखवत नाही. आधी जोर-बैठका, मग पकड, मग एखादा डाव आणि तोच डाव घोटून घोटून. पण वस्ताद आणखी एक गोष्ट करतो. तो पोराला यात्रेच्या फडात उतरवतो. छोट्या इनामाच्या कुस्तीत, जोडीला जोड बघून. पोरगा चितपट झाला तरी चालेल, पण माती लागली पाहिजे. नुसत्या जोर-बैठकांनी छाती भरते, पैलवान होत नाही.

बझरबीटरवाल्यांसाठी जत्रेतली ही छोटी कुस्ती म्हणजे आठवड्यातली तिसरी मॅच. कपमधून बाहेर पडलात, की त्या दिवशी दुसऱ्या एखाद्या टीमबरोबर सरावाची मॅच ठरवता येते. हरलात तरी लीगच्या टेबलवर ओरखडा उठत नाही. दोन कोवळे गार्ड पूर्ण वेळ उतरवा. दोघांची ४८ मिनिटं तिथेच पूर्ण! लीगच्या दोन मॅचमध्ये अनुभवी गार्ड खेळवा आणि जिंका. सहाऐवजी दोघंच पूर्ण शिकतील, पण टीमही टिकेल. हा मधला रस्ता शोधायला माझ्या मित्राला अख्खा एक सीझन लागला.

जर्सी आहे, मिनिटं नाहीत

हा मित्र बावीस वर्षांचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पिरंगुटच्या एका कंपनीत वर्षभर शिकाऊ उमेदवार होता. पहिल्या सीझनला त्यानं चार कोवळे गार्ड घेतले, सगळ्यांना सगळ्या मॅचमध्ये खेळवलं आणि तो लीगमधून खाली गेला. त्याच्या रूममेटनं बरोबर उलटं केलं. तिशी ओलांडलेला एक तयार गार्ड विकत घेतला, दणादण जिंकला. पण वय झालेल्या खेळाडूला पुढे उतरण लागते. ती लागली तेव्हा मागे दुसरा कोणी तयार नव्हता. रात्रीच्या जेवणाला दोघांची यावरून जुंपायची. भात एकाच कुकरचा, तत्त्वज्ञान वेगळं.

दरम्यान मित्राचं वर्ष संपलं. प्रमाणपत्र मिळालं. दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला गेला, तेव्हा त्याला व्हीएमसी मशीनवर ऑफसेट कसा घेतोस, असं विचारलं. थिअरी त्यानं सांगितली. मग स्वतः किती वेळा घेतलास, असा प्रश्न आला. वर्षभरातला त्याचा बराचसा वेळ डिबरिंग, पॅकिंग आणि तयार माल मोजण्यात गेला होता. मशीन चालवायला ऑपरेटर होता, हा शेजारी उभा. ती नोकरी मिळाली नाही. खोलीवर येऊन त्यानं आम्हाला एका वाक्यात सांगितलं, की आपण वर्षभर जर्सी घालून बेंचवर बसलो होतो.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. त्यामागची कल्पना अशी, की काम काम करतानाच शिकता येतं. म्हणून वर्गाबाहेर, कारखान्यात, विद्यावेतन देऊन शिकवायचं. कल्पना अगदी बझरबीटरच्या नियमासारखी. फरक एवढाच, की गेममध्ये मिनिटं मोजली जातात आणि शून्य असेल तर शून्य दिसतं. प्रमाणपत्रावर मशीनवर घालवलेले तास लिहिलेले नसतात. इंटर्नशिप करणाऱ्या कोणालाही हे पटेल, मग ती कारखान्यात असो, बँकेत, हॉस्पिटलमध्ये किंवा वर्तमानपत्रात.

पण थांबा, लगेच सुपरवायझरला व्हिलन करू नका. हा गेम खेळून डोक्यात प्रकाश पडतो तो इथेच. आपल्याला बेंचवर बसवलं की आपण चिडतो. मॅनेजरच्या खुर्चीत बसवलं, की आपणही अठरा वर्षांच्या गार्डला बेंचवरच बसवतो! कारण शनिवारी मॅच असते, समोरची टीम तगडी असते आणि हरणं परवडत नाही. सुपरवायझरचीही रोज मॅचच असते. त्याला शिफ्टचं टार्गेट असतं. शिकाऊ पोरानं ऑफसेट चुकवला, तर जॉब रिजेक्ट होतो, टूल तुटतो आणि शिव्या त्याला बसतात.

मग मार्ग काय? तिसरी मॅच शोधायची. मित्र आता दुसऱ्या एका कंपनीत ट्रेनी आहे. या वेळी पहिल्याच आठवड्यात तो सुपरवायझरशी बोलला. मला मेन ऑर्डरवर बसवू नका, पण शिफ्ट संपताना मशीन मोकळं असतं तेव्हा स्क्रॅपच्या तुकड्यावर सेटिंग करू द्या, साहेब शेजारी उभे राहिले तर बरंच, असं त्यानं सांगितलं. आठवड्यातून दोनदा परवानगी मिळाली. फार नाही, पण शून्य नाही. वहीत तो तारीख आणि मिनिटं लिहून ठेवतो. पुढच्या मुलाखतीत कोणी 'किती वेळा' विचारलं, तर सांगायला आकडा असेल.

कोर्ट कुठे आहे?

आता कोणी म्हणेल, मोबाइलवरचा बास्केटबॉल खेळून कोणाचं भलं झालंय? बरोबर आहे. खरा बॉल हातात घेतल्याशिवाय ड्रिबल येत नाही, हे तर गेमच ओरडून सांगतोय. भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलेली शिरीन लिमये आपल्या पुण्याचीच. एनबीएच्या मॅच ऑक्टोबर २०१९ मध्ये पहिल्यांदा भारतात झाल्या, त्याही मुंबईत. स्टीफन करीनं १४ डिसेंबर २०२१ ला रे ॲलनचा २,९७३ थ्री-पॉइंटर्सचा विक्रम मागे टाकला, तेव्हा एनबीएमध्ये येऊन त्याला बारा वर्षं झाली होती. दोन्ही हातांनी दोन बॉल एकाच वेळी ड्रिबल करण्याचा त्याचा मॅचआधीचा सराव बघायला लोक लवकर येऊन बसतात. एवढं नाव झाल्यावरही तो हँडलिंगचं ड्रिल सोडत नाही, हे लक्षात घ्या.

तर जवळच्या कॉलेजात किंवा सोसायटीत बास्केटबॉलची रिंग असेल, तर एक बॉल घेऊन जा. नसेल तर ड्रिबलला रिंग लागत नाही, सिमेंटचा सपाट तुकडा पुरतो. शेजारच्या काकूंच्या दुपारच्या झोपेची वेळ तेवढी टाळा.

सुरू करताय? एवढं लक्षात ठेवा

• पोरगा निवडताना आधी वय बघा. अठरा-एकोणिसाव्या वर्षी शिकण्याचा वेग सर्वांत जास्त.

• मग उंची. बुटके खेळाडू गार्डची कौशल्यं लवकर उचलतात. उंच खेळाडू बास्केटजवळची.

• 'पोटेन्शियल' वाचल्याशिवाय पैसे मोजू नका. ती त्याची मर्यादा. तिच्याजवळ पोहोचला, की शिकणं मंदावतं.

• सुरुवातीला वन ऑन वन लावायला हरकत नाही, कारण एका ड्रिलमध्ये एकाहून जास्त गोष्टी सुधारतात. बचाव विसरू नका. टाळ्या शूटिंगला मिळतात, मॅच प्रेशरवर वाचतात.

• कौशल्य वाढलं, की पुढच्या सीझनला पगारही वाढतो. सगळे गार्ड एकदम महाग होणार नाहीत, असं बघा.

• एक ड्रिल निवडलं, की काही आठवडे तरी ते बदलू नका. शब्द बदलला नाही, म्हणजे पोरगा शिकत नाही असं नाही.

• आणि लाइनअप भरून झाली, की शेवटी एकदा बेंचकडे बघा. तिथे कोण बसलंय, किती आठवड्यांपासून बसलंय आणि त्याच्यासाठी तिसरी मॅच कधी आहे, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.